टवक्याखाली काय आहे

उद्यमबागेतल्या कुठल्याही फाउंड्रीच्या फेटलिंग विभागात जा आणि ओतीवात पडलेलं भोक कसं बुजवायचं ते विचारा. निकेलच्या रॉडने वेल्डिंग, मेटल पुट्टी, प्लग मारणं, इम्प्रेग्नेशन, आणि गिऱ्हाईक फारच कडक असेल तर माल सरळ परत भट्टीत, अशी पाच उत्तरं पाच मिनिटांत मिळतील. त्याच माणसाच्या घरी बेसिनचा टवका उडाला तर उत्तर एकच, ‘काढून टाका, नवीन बसवा.’ तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढे खानापूर रस्त्याला लागून असलेली ही वसाहत बेळगावचं कारखानदारीचं पोट आहे. बीड ओतायचं, तासायचं, घासायचं, पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉडीतून तेलाचा थेंबही पाझरणार नाही इतकं ते घट्ट करायचं, ही इथली रोजची विद्या. ती विद्या न्हाणीघराच्या दारापर्यंत येऊन थांबते, याचं मला नवल वाटतं. कारण टबाचा टवका आणि ओतीवातलं भोक हे प्रश्न एकाच कुळीचे आहेत.

बेसिन स्वस्त असतं हे एक कारण झालंच. पण टवक्याबद्दल आपल्याकडे दोन टोकांच्या समजुतीही आहेत. एक म्हणजे ‘ते काही टिकत नाही’, आणि दुसरी म्हणजे ‘पांढरी ट्यूब मिळते, ती फासली की झालं’. दोन्ही अर्ध्या खऱ्या. काही टवके दहा वर्षं तसेच ठेवले तरी भांड्याचं काही वाकडं होत नाही. काही टवके मात्र ओले राहू दिले तर आतून गंज धरतात आणि बोटाच्या पेराएवढी जखम तळहाताएवढी होते. कुठला टवका कुठल्या जातीचा हे कळणं म्हणजे निम्मी दुरुस्ती, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. सगळे बघतात ते दिसतं कसं याकडे.

दुकानात ज्याला सरसकट ‘पोर्सेलीन’ म्हणतात त्यात तीन वेगळ्या वस्तू येतात. पहिली व्हिट्रिअस चायना. केओलीन, बॉल क्ले, फेल्डस्पार आणि गारगोटीची भुकटी पाण्यात कालवून प्लास्टरच्या साच्यात ओततात आणि १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. भाजल्यावर ती इतकी घट्ट होते की वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. आपली बेसिनं आणि कमोड बहुतेक याच जातीची. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस २५५६ हे मानक त्यांच्यासाठीच आहे. दुसरी फायरक्ले. तिची माती जाडीभरडी, अंग पिवळसर, वर पांढरा लेप. प्रयोगशाळेतली खोल सिंकं आणि काही जाडजूड स्वयंपाकघरी सिंकं हिची असतात. तिसरी जात अगदी निराळी, बिडावर किंवा पोलादी पत्र्यावर वितळवून बसवलेली काच, म्हणजे इनॅमल. निळ्या काठाची पांढरी थाळी, दवाखान्यातला ट्रे, प्रवासातला टमरेलवजा मग, यांच्यामुळे आपल्या आधीच्या दोन पिढ्यांची तिच्याशी चांगली ओळख होती. शेजारीच अ‍ॅक्रिलिकचे टबही विकायला असतात. ते प्लास्टिक. त्यांची दुरुस्ती वेगळी, आणि हात लावताच ते कोमट लागतात म्हणून ओळखायलाही सोपे.

ओळखायचं साधन उद्यमबागेत प्रत्येक बाकावर पडलेलं असतं. डायल गेजच्या स्टँडचा मॅग्नेटिक बेस टबाच्या बाहेरच्या अंगाला लावून बघा. चिकटला तर आत बीड किंवा पोलाद आहे. मग नखाने टिचकी मारा. पत्र्याचा टब डब्यासारखा वाजतो, बिडाचा ठस्स करतो. लोहचुंबक चिकटलाच नाही तर टवक्याच्या आतला रंग बघा. पांढरट, गुळगुळीत, शंखाच्या आतल्या बाजूसारखा भाग दिसला तर व्हिट्रिअस चायना. पिवळसर, रवाळ दिसला तर फायरक्ले. पोलादी टबाच्या टवक्यात बऱ्याचदा आधी काळपट निळा थर दिसतो आणि मग धातू. तो निळा थर मळ नव्हे. पोलादाला काच धरून राहावी म्हणून खालच्या लेपात कोबाल्ट आणि निकेलची ऑक्साइडं घालतात, त्यांचा तो रंग. घासून काढायच्या नादाला लागू नये.

आपल्या भागात सिंकाची वाट अशी थेट चिनी मातीतून आलेली नाही. आधी मोरी, मग मोरीच्या कडेला कडप्प्याचा किंवा शहाबादी फरशीचा ओटा, नंतर मोझॅकचं जागेवर ओतलेलं सिंक, आणि मग स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघर जिंकलं. मोझॅकच्या सिंकाचा टवका गवंडीच भरायचा. पांढरं सिमेंट, संगमरवराची चुरी, दोन दिवस ओलं ठेवून घोटायचं, काम खलास. चिनी माती हात धुवायच्या बेसिनमधून आणि कमोडमधून घरात आली. तमिळनाडूत राणीपेटला पॅरी, हरियाणात बहादूरगडला हिंदुस्तान ट्वायफर्ड्स, नंतर गुजरातेत कडीला सेरा, आणि थानगड-मोरबी पट्ट्यातल्या लहानमोठ्या भट्ट्या, यांनी बेसिन इतकं स्वस्त केलं की निपाणीच्या दुकानातही साधं बेसिन हजार-दीड हजारात मिळू लागलं. टब हा आपल्याकडे हॉटेलांचा आणि बंगल्यांचा विषय राहिला. त्यामुळे दुरुस्तीचा धंदा म्हणून जो काही उभा राहायला हवा होता तो राहिलाच नाही. अमेरिकेत आणि विलायतेत तो उभा राहिला, कारण तिथे टब भिंतीत चिणलेला असतो. तो काढायचा म्हणजे टाइल्स फोडा, पाइप बदला. शिवाय बिडाच्या टबाचं वजन दीडशे किलोच्या घरात.

बिडाच्या टबाची जन्मकथा फाउंड्रीवाल्यांना आवडेल अशी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जॉन मायकेल कोहलर नावाचा माणूस शेतीची अवजारं आणि ओतीवकामाचा कारखाना चालवत होता. १८८३ साली त्याने जनावरांना पाणी पाजायचं बिडाचं एक कुंड तापवून लाल केलं, त्यावर इनॅमलची भुकटी टाकली आणि माणसाच्या आंघोळीचा टब म्हणून विकायला काढलं. कंपनीच सांगते की पहिला टब एक गाय आणि चौदा कोंबड्यांच्या बदल्यात गेला. गाय-कोंबड्यांचं ज्याने त्याने ठरवावं. पण पद्धत खरी आहे आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. ओतीव शॉट ब्लास्ट करायचं, खालचा लेप द्यायचा, लालभडक होईपर्यंत तापवायचं, भट्टीतून बाहेर काढून चाळणीने काचेची भुकटी भुरभुरायची, परत भट्टीत घालायचं. बीड मुळात चांगलं नसेल तर इथेच पितळ उघडं पडतं. साच्यात पातळ भाग झटकन थंड होऊन पृष्ठभाग ‘चिल’ पडला असेल, तर त्यात अडकलेला कार्बन भाजताना वायू होऊन बाहेर पडतो आणि लेपाला फोड येतात. ग्रे आयर्नच्या कास्टिंगला कडक जागा आली म्हणून मशीनशॉपवाले ज्या कारणासाठी बोंब मारतात, तेच हे कारण.

काच लोखंडावर बसते कशी, हे कळल्याशिवाय ती सुटते का ते कळत नाही. काच दाबाला दणकट, ताणाला अगदी दुबळी. म्हणून तिचं मिश्रण असं निवडतात की थंड होताना धातू काचेपेक्षा किंचित जास्त आकसावा. मग काच कायम दाबाखाली राहते आणि सहज तडकत नाही. सपाट जागेवर हे उत्तम चालतं. बाहेर वळलेल्या कडेवर मात्र हाच दाब काचेला बाहेर ढकलू बघतो. टबाच्या ओठावरच टवके का उडतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं म्हणजे हातातून सुटलेला पाना. पोलादाच्या पत्र्यावर आणखी एक भानगड होते. भाजताना ओलाव्यातला हायड्रोजन तापलेल्या पोलादात मुरतो. थंड झाल्यावर त्याला तिथे जागा उरत नाही, मग तो काचेच्या खाली जमतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, नखाएवढ्या चंद्रकोरी उडवतो. कुणी धक्का न लावता नव्या टबाचे असे खवले पडले तर प्लंबरला बोल लावू नये. तो दोष कारखान्यातला आहे आणि तो टब बदलूनच मागावा.

टवका पडल्यानंतर दोन जातींची वाट वेगळी होते. व्हिट्रिअस चायनाचं उघडं अंग पाणी पीत नाही, त्यामुळे तिथे गंजायला किंवा कुजायला काही नाही. मळ धरतो, दिसायला वाईट दिसतं, कडेला हात कापू शकतो, एवढंच. बेसिनच्या खालच्या अंगाला किंवा नळाच्या चकतीखाली टवका असेल तर मी तो सोडून देईन. लोखंडाचं तसं नाही. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. काचेच्या कडेखाली तो सरकला की कड उचलतो, उचललेली कड तुटते, नवं लोखंड उघडं पडतं. पातळ पत्र्याच्या टबात हे लवकर घडतं, आणि नळ ठिबकत असेल तर विचारायलाच नको. बेळगावात राकसकोप-हिडकलचं पाणी येतं तिथे वेग कमी-जास्त असेल, बोअरच्या क्षारांच्या पाण्यात पिवळे ओघळ लवकर दिसतील, पण दिशा तीच.

मग काच परत वितळवून का बसवत नाहीत? हा प्रश्न उद्यमबागेत हमखास येतो, कारण इथे गॅस टॉर्च प्रत्येकाकडे आहे. इनॅमल वितळायला आठशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. टॉर्चने तेवढी जागा तापवली तर शेजारची थंड काच तडतड फुटते. बिडाला आधी तापवून न घेता वेल्डिंग मारलं की शिवणीच्या कडेने ‘टण्ण’ असा आवाज येऊन चीर जाते, तो अनुभव ज्याला आहे त्याला हे वेगळं समजावायला नको. अख्खा टब भट्टीत घालणं हा एकच खरा इलाज, आणि टब भिंतीतून काढून, जुनी काच उतरवून, पुन्हा लेप देऊन भाजायचा तर नवा स्वस्त पडतो.

पैशाला तोटा नसलेल्या धंद्यातही याहून वेगळं होत नाही. औषधं आणि रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांत आतून काचेचं अस्तर दिलेल्या रिअ‍ॅक्टर टाक्या असतात. आपल्या देशात त्या गुजरातेत करमसदला बनतात. त्यांत आम्ल उकळत असतं, एका टवक्याने टाकी जाऊ शकते. तरीही जागेवर काच वितळवून भरत नाहीत. टवक्याच्या मध्यभागी भोक पाडून टँटलम या महागड्या धातूचा प्लग टेफ्लॉनच्या गॅस्केटसह आवळतात. नुकसान मोठं असेल तर टाकी उचलून कारखान्यात, परत भट्टीत. जिथे एका टाकीत घराच्या किमतीचा माल शिजतो तिथे ही गत, तर घरच्या टबासाठी कुणी ‘ओरिजिनल फिनिश परत आणून देतो’ म्हणत असेल तर तो एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो.

म्हणजे उरलं चिकटवून भरणं. हा उद्योग जुना आहे. चिनी मातीच्या फुटक्या भांड्यांना चुना आणि अंड्याचा पांढरा बलक, लाख, शिशाचा सफेता आणि जवसाचं तेल, असं काय काय लावत. त्यांपैकी एक द्रव्य उद्यमबागेत आजही पिंपाने येतं, ते म्हणजे सोडियम सिलिकेट. वाळूत ते मिसळून वरून कार्बन डायऑक्साइड सोडला की कोअर दगडासारखा कडक होतो. पूर्वी चिनी माती जोडायलाही ते वापरत. कपाटात ठेवायच्या फुलदाणीला ठीक आहे. सिंकात ते हळूहळू पाण्यात विरघळतं. खानापूरला ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, आसपास कौलांची मातीही चांगली. तिथल्या जाणत्या माणसाला विचारलंत तर तोही सांगेल की भाजलेल्या मातीत कच्ची माती भरून ती धरत नाही. कच्ची माती भाजताना आकसते, भाजलेली आकसत नाही. सांधा सुटतोच.

इपॉक्सी आल्यावर चित्र बदललं. रेझिन आणि हार्डनरच्या दोन ट्यूब आता किराणा दुकानातही मिळतात. मेटल पुट्टी म्हणजे त्याच जातीच्या रेझिनमध्ये लोखंडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. इपॉक्सी पाणी अडवते, लोखंडालाही धरते आणि चिनी मातीलाही. तिचे दोष मात्र माहीत असावेत. उजेडात ती पिवळी पडते. तापल्यावर ती बिडाच्या चार-पाचपट प्रसरण पावते, म्हणून गीझरच्या गरम पाण्याखाली भरणीची कड रोज थोडी थोडी ओढली जाते. त्यात खनिजाची बारीक भुकटी मिसळलेली असेल तर ही ओढ कमी होते. आणि खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली इपॉक्सी साधारण पन्नास-साठ अंशांपुढे मऊ पडायला लागते. स्वयंपाकघरातल्या सिंकाच्या तळाला भरणी केली आणि त्यावर फोडणीची पळी नाहीतर भाताचं उकळतं पाणी ओतलं, तर दोष इपॉक्सीचा नाही. तळाची भरणी तळहाताएवढी करूच नये. कडेची, ओठाची, बाजूच्या भिंतीची भरणी मात्र नीट केली तर बरीच वर्षं जाते.

नीट म्हणजे कशी, ते जरा जवळून बघू. समजा, बिडाच्या टबाच्या ओठावर रुपयाएवढा टवका आहे, आत तांबूस गंज. पहिलं काम कोरडं करणं, आणि घाई इथेच होते. नळ बंद करून, हेअर ड्रायर फिरवून, जमलं तर एक रात्र तसंच ठेवायचं. मग पेन्सिल ग्राइंडरला बारीक दगड लावून गंज पांढरं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढायचा. काचेच्या कडेची जी धार खालून पोकळ झाली आहे तीही काढायची. टवका थोडा मोठा होतो, जीव खालीवर होतो, पण पोकळ कडेवर भरणी करणं म्हणजे किडक्या दाताला वरून सिमेंट. ग्राइंडर नसेल तर निडल फाइल आणि धीर. डोळ्याला चष्मा हवाच. काचेची कणी डोळ्यात गेली की दुरुस्ती नेत्रालयात. कडेला उतार ठेवायचा, उभी भिंत नाही. मग अ‍ॅसिटोनने पुसायचं, नवं फडकं घेऊन पुन्हा पुसायचं, आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. ओतीवावर पेंट मारण्याआधी जो माणूस हाताचा घाम लागू देत नाही, त्याला हे सांगावं लागत नाही.

पहिला थर लोखंडाला चोपडायचा, पातळ, अगदी खरवडल्यासारखा. तो चिकटपणा धरेपर्यंत थांबून दुसरा. एकदम भरून टाकलं तर मध्ये हवेचे बुडबुडे राहतात आणि घासताना पिना टोचल्यासारखी भोकं दिसतात. शेवटचा थर काचेच्या पातळीच्या केसभर वर राहिला पाहिजे. चोवीस तास. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून पाण्यात घासायचा, त्यानंतर ८००, १२००, आणि शेवटी रबिंग कंपाउंड. बोटाने घासलं तर खड्डा पडतो. आजूबाजूच्या काचेला ओरखडा जाऊ नये म्हणून टेप. गाडीचं डेंट-पेंट करणारा पोऱ्या हे काम प्लंबरपेक्षा चांगलं करील, कारण लांबी भरणं आणि ती दिसू न देणं ही त्याचीच कला. प्लंबरची सवय पाणी अडवण्याची असते. तो सिलिकॉन फासून मोकळा होतो. सिलिकॉनवर नंतर काहीच चिकटत नाही, म्हणून एकदा ते लागलं की पुढच्या माणसाचं काम दुप्पट.

खरी परीक्षा रंगाची. पांढरा म्हणजे पांढरा, असं ज्याला वाटतं त्याने तीन कंपन्यांची बेसिनं शेजारी ठेवून बघावीत. एक निळसर, एक दुधाळ, एक चुन्यासारखं. चिनी मातीच्या लेपाला पांढरेपणा सहसा झिर्कॉनने येतो, पोलादी टबाच्या इनॅमलला १९४० नंतरच्या काळात टायटॅनियम डायऑक्साइडने यायला लागला, आणि भरणीच्या रंगातही टायटॅनियमच असतं. दोन पांढरे दिवसाच्या उजेडात जुळतात आणि रात्री एलईडीखाली वेगळे पडतात ते याच कारणाने. म्हणून रंग त्याच न्हाणीघरात, तिथल्याच दिव्याखाली जुळवावा. खालची भरणी इपॉक्सीची आणि वरचा पापुद्रा अ‍ॅक्रिलिकचा किंवा दोन भागांच्या पीयूचा (पॉलियुरेथेनचा) ठेवला तर पिवळेपणा लांबतो. तरीही ज्याला ठाऊक आहे त्याला जागा दिसतेच. पाहुण्याला दिसली नाही की पुरे, असं मी मानतो.

या सगळ्यात खऱ्या अर्थाने पुढे गेले आहेत ते दंतवैद्य. दाताच्या पोर्सेलीनच्या टोपीचा टवका उडाला तर ते हायड्रोफ्लुओरिक आम्लाने चिनी मातीचा पृष्ठभाग खरखरीत करतात, त्यावर सिलेन नावाचं द्रव्य लावतात, जे एका हाताने काचेला आणि दुसऱ्या हाताने रेझिनला धरतं, आणि मग निळ्या उजेडाखाली काही सेकंदांत रेझिन घट्ट करतात. तत्त्वतः बेसिनलाही हेच लागू आहे. पण हे आम्ल कातडीतून आत हाडापर्यंत जातं, आणि सौम्य असलं तर सुरुवातीला दुखतही नाही. टबवाल्यांच्या काही पद्धतींत त्याच कुळातली रसायनं वापरतात. घरात, बादलीशेजारी, लेकरांच्या पायात त्याची बाटली ठेवण्याची कल्पना मला सहन होत नाही. घासून खरखरीत केलेला पृष्ठभाग थोडी कमी पकड देईल, देऊ दे.

त्याहून मोठा धोका अख्खा टब नव्याने ‘ग्लेझ’ करून देणाऱ्यांच्या कामात आहे, आणि तो करणाऱ्याच्या जिवाला आहे. हे ग्लेझ नसतंच, स्प्रे पेंट असतो. तो मारण्याआधी जुना पेंट उतरवायला मेथिलीन क्लोराइडचं स्ट्रिपर वापरायची पद्धत अमेरिकेत रूढ होती. त्याची वाफ हवेपेक्षा जड. टबात वाकून खरवडणाऱ्या माणसाचं तोंड नेमकं त्या वाफेच्या तळ्यात. शिवाय शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. २००० ते २०११ या काळात अमेरिकेत टब रंगवणारे किमान १३ कामगार असे मेले, असं तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ साली छापलं; बहुतेक जण बंद न्हाणीघरात एकटेच काम करत होते. २०१९ साली हे स्ट्रिपर तिथे किरकोळ गिऱ्हाइकाला विकायला बंदी आली आणि २०२४ साली बहुतेक धंद्यांतूनही ते बाद झालं. आपल्याकडे बारा बाय पाचाच्या, एका झरोक्याच्या बाथरूममध्ये कुणी स्ट्रिपरचा डबा उघडत असेल तर त्याला चहा पाजून बाहेर बसवावं आणि एग्झॉस्टची सोय होईपर्यंत आत जाऊ देऊ नये. दोन भागांच्या पीयू पेंटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो, हे उद्यमबागेतल्या पेंटबूथवाल्यांना ठाऊक आहे, पण रुमाल बांधून भागवण्याची सवय गेलेली नाही. रुमाल त्या वाफेला अडवत नाही.

एवढं करून हा स्प्रे टिकतो किती? पूर्वतयारी झकास असेल तर काही वर्षं, नसेल तर पहिल्या पावसाळ्यातच तळाला पोपडे. काचेचा कणखरपणा रंगाला कधी येत नाही. वाळूचा कण इनॅमललाही ओरखडतो, मग रंगाची काय कथा. माझा कौल असा की अख्खा स्प्रे फक्त भिंतीत चिणलेल्या, अजून सगळीकडून मजबूत असलेल्या बिडाच्या टबालाच करावा. बाकी ठिकाणी टवका भरावा, नाहीतर भांडं बदलावं. खूप जुन्या टबाच्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं, म्हणून लहान मुलाची आंघोळ त्यात असेल आणि पृष्ठभाग झिजून खडूसारखा झाला असेल, तर तिथे दुरुस्तीचा विचारच नको.

तडा आणि टवका यांत गल्लत करू नये, हे मात्र ठासून सांगायला हवं. टवका वरचा असतो, तडा आरपार जाऊ शकतो. भिंतीला टांगलेल्या बेसिनला देठापाशी, बोल्टजवळ तडा गेला असेल तर वरून कितीही इपॉक्सी फासा, ते कधीतरी वजनाने खाली येणार. आणि चिनी मातीच्या तुकड्याची धार सुरीसारखी असते. बेसिनवर रेलून दात घासणाऱ्याचा हात किंवा पाय त्याखाली सापडला तर टाके ठरलेले. ओले हात पुसून पैसे मोजावेत आणि नवीन आणावं. कमोडच्या बैठकीला तडा असेल तर आजच.

टवके टाळण्याच्या उपायांत फार दम नाही, तरी दोन गोष्टी. तीव्र आम्लाचं टॉयलेट क्लीनर चिनी मातीला सोसतं, पण लोखंडावरच्या इनॅमलला टवका असेल तर तेच आम्ल उघड्या लोखंडावर तुटून पडतं. बेसिनसाठी घेतलेली बाटली टबाला वापरू नये. दुसरं म्हणजे काचेच्या शेल्फवरचं पितळी-स्टीलचं सामान. बेसिनच्या बरोबर वर शेल्फ ठोकायची आपली खोड इतकी पक्की आहे की त्याच्याइतके टवके दुसऱ्या कुठल्याही कारणाने उडत नसतील.

इनॅमल कायम अखंड राहील, असं ते बनवणारेही धरून चालत नाहीत. गीझरच्या आत बघा. कित्येक गीझरांची टाकी आतून काचेच्या अस्तराची असते, आणि त्या अस्तराला कुठेतरी टाचणीएवढी भोकं असणारच, हे हिशेबात धरून आत मॅग्नेशियमची एक कांडी टांगलेली असते. जिथे लोखंड उघडं असेल तिथे लोखंडाऐवजी ती कांडी झिजते. दोन-तीन वर्षांनी ती काढून बघावी, खाऊन काडीएवढी झाली असेल तर बदलावी. बेळगावात गीझर फुटेपर्यंत कुणी कांडीचं नावही काढत नाही, आणि टाकी गळायला लागली की दोष पाण्याला. टबाला अशी कांडी लावता येत नाही, कारण तो सतत पाण्याने भरलेला नसतो. कांडीचं काम पाण्यातूनच चालतं.

शेवटी जे भांडं बदलायचं ठरलं त्याचं काय? चिनी मातीचं बेसिन भंगारवाला घेत नाही. ते फोडून पायाच्या भरावात जातं, आणि तिथे ते चांगलं काम करतं. बिडाचा टब मात्र भंगारात वजनावर जातो. हातोड्याने तुकडे करून, उद्यमबागेतल्या नाहीतर शिरोलीच्या एखाद्या भट्टीत तो परत येऊ शकतो. चार्ज भरणाऱ्या मिस्त्रीने एवढं बघावं की इनॅमल चिकटलेले तुकडे एका वेळी फार पडू नयेत. त्यातला सोडा आणि बोरॅक्स वितळून इंडक्शन फर्नेसचं सिलिकाचं अस्तर खातात, आणि स्लॅग नेहमीपेक्षा पातळ होऊन काठाला चिकटतो. तुकडे शॉट ब्लास्टमधून आधी काढले किंवा घणाने ठोकून काच झाडली तर बीड उत्तम असतं.